स्वतः लिहिलेला ब्लॉक ड्रायव्हर संथ चालतोय? वेळ नेमका कुठे अडतो ते शोधण्याची पद्धत

तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याची प्रतवारी करणाऱ्या कलर सॉर्टर मशीनचेच उदाहरण घेऊ. समजा, लाइन स्कॅन कॅमेरा २०४८ पिक्सेलचा आहे, प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट लागतात आणि सेकंदाला १०,००० ओळी येतात. एका कॅमेऱ्याचा कच्चा डेटा सेकंदाला ६१.४४ एमबी होतो, दोन कॅमेऱ्यांचा जवळजवळ १२३ एमबी. हा डेटा साठवायला कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटने एफपीजीएवर (हवे तसे सर्किट बसवता येणाऱ्या चिपवर) पीसीआय एक्सप्रेस कार्ड बनवले आणि लिनक्ससाठी स्वतःचा ब्लॉक ड्रायव्हर, म्हणजे डिस्कसारख्या साठवणीशी कर्नलच्या वतीने बोलणारा कोड, लिहिला. टेबलावर डीडी कमांडने ४०० एमबीचा वेग दाखवला, पण मशीनवर चढवल्यावर फ्रेम गळायला लागल्या. अशा वेळी कोड उघडून इकडचे लॉक तिकडे करण्याचा मोह होतो. तो आवरा. ड्रायव्हरमधली संथपणाची बहुतेक कारणे कोडच्या चतुराईत नसतात. ती आपण कर्नलला हार्डवेअरबद्दल काय सांगितले (किंवा सांगायचे राहिले) यात असतात, आणि ती मोजल्याशिवाय दिसत नाहीत.

आधी लक्ष्य आकड्यांत लिहा, आणि एकच आकडा लिहू नका. वरच्या उदाहरणात कॅमेऱ्याच्या बाजूला ६४ एमबीचा बफर असेल, तर तो साधारण अर्ध्या सेकंदात भरतो. म्हणजे दोन अटी झाल्या: सलग वेग १२३ एमबीच्या बराच वर हवा, आणि कुठलीही एक राइट अर्ध्या सेकंदाहून जास्त अडता कामा नये. फ्रेम गळतात त्या बहुधा दुसऱ्या अटीमुळे. सरासरी वेग ४०० एमबी असलेले कार्ड मिनिटातून एकदा ७०० मिलिसेकंद थांबले, तरी सरासरीत ते दिसणार नाही.

मोजण्याआधीची साफसफाई

कर्नल डीबगचा असेल तर आकडे घेऊच नका. कासान (मेमरीच्या चुका पकडणारे) किंवा लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारे) चालू असलेल्या कर्नलवर ड्रायव्हर कितीतरी पट हळू चालतो आणि लॉकचा खर्च भलताच फुगून दिसतो. ड्रायव्हर लिहिताना ही दोन्ही साधने हवीतच, पण वेग मोजताना वेगळा कर्नल बूट करा.

त्यानंतर प्रिंटके, म्हणजे कर्नलमधून संदेश छापणाऱ्या ओळी, शोधा. सीरियल कन्सोल ११५२०० बॉडवर असेल तर सेकंदाला ११,५२० अक्षरे जातात. प्रत्येक रिक्वेस्टला ६० अक्षरांची एक ओळ छापली, तर एका ओळीला ५.२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला दोनशेही रिक्वेस्ट नीट होणार नाहीत. हॉट पाथवरची (प्रत्येक रिक्वेस्टला चालणाऱ्या कोडमधली) प्रत्येक छपाई काढा. माहिती हवीच असेल तर ट्रेसपॉइंट वापरा, ते बंद असताना जवळजवळ फुकट असतात.

सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा. खोल सी-स्टेटमधून (वीज वाचवणाऱ्या झोपेतून) कोअरला जागे व्हायला काही प्रोसेसरांवर १०० मायक्रोसेकंद किंवा जास्तही लागतात. कमी लोडवर लेटन्सी (एका रिक्वेस्टला लागणारा वेळ) जास्त आणि लोड वाढवल्यावर कमी असा उलटा प्रकार दिसला, तर पहिला संशय इथेच घ्या.

आता पीसीआय लिंक. एलएसपीसीआय कमांड दोन व्ही लावून (-vv) चालवा आणि लिंक कॅपॅबिलिटी व लिंक स्टेटस या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा. कार्ड दुसऱ्या पिढीचे चार लेनचे असेल, तर प्रत्येक लेनला ५०० एमबी धरून कच्ची क्षमता २००० एमबी होते. स्टेटसमध्ये २.५ जीटी (पहिल्या पिढीचा वेग) आणि एक लेन दिसली, तर ती २५० एमबीवर आली, त्यातून पॅकेटचा खर्च वजा. हा दोष ड्रायव्हरमध्ये कधीच सापडणार नाही. रायझर केबल, सैल बसलेले कार्ड, स्लॉटमधली धूळ, किंवा दिसायला सोळा लेनचा पण आतून चार किंवा एकच लेन जोडलेला स्लॉट ही नेहमीची कारणे. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या पीसीत धूळ धरूनच चाला.

फिओने तीन मोजमापे, फाइल सिस्टमशिवाय

डीडीने डायरेक्ट पर्याय न देता मोजलेला वेग बराचसा पेज कॅशचा (मेमरीतल्या तात्पुरत्या प्रतीचा) असतो. फिओ हे डिस्कचा वेग मोजणारे साधन वापरा, पेज कॅश टाळायला डायरेक्ट=१ ठेवा, इंजिन आयओ_युरिंग किंवा लिबएआयओ घ्या. लिबएआयओ घेऊन डायरेक्ट विसरलात, तर कागदावरची डेप्थ (एका वेळी चालू असलेल्या रिक्वेस्टची संख्या) ३२ असली तरी काम एकेक करूनच होते. टेस्ट थेट डिव्हाइसवर चालवा. त्याने कार्डावरचा डेटा पुसला जातो, म्हणून डिव्हाइसचे नाव दोनदा तपासा.

तीन चाचण्या पुरतात: ४ केबी रँडम रीड डेप्थ १ ला, तीच डेप्थ ३२ ला, आणि १ एमबी सलग राइट डेप्थ ८ ला. प्रत्येक किमान दोन मिनिटे चालवा आणि सरासरीसोबत ९९.९ टक्क्यांची व कमाल लेटन्सी लिहून ठेवा.

हिशेब साधा आहे. सेकंदाच्या रिक्वेस्ट म्हणजे डेप्थ भागिले लेटन्सी. डेप्थ १ ला ८० मायक्रोसेकंद लागत असतील तर १२,५०० रिक्वेस्ट, सुमारे ५० एमबी. यात दोष काहीच नाही. डेप्थ ३२ ला लेटन्सी तेवढीच राहिली, तर ४ लाखांपर्यंत जायला हवे. हार्डवेअर तितके समांतर नसेल तर आधी थांबेल, हे ठीक. पण डेप्थ १ वरून ३२ वर नेऊनही आकडा १२,५०० वरच अडून राहिला आणि लेटन्सी मात्र ३२ पट झाली, तर कुठेतरी सगळे एका ओळीत उभे आहे. ते ड्रायव्हरमध्ये की कार्डात, हे पुढच्या पायरीवर कळते.

त्याआधी मशीनची कमाल किती ते पाहा. कर्नलमधले नल_बीएलके मॉड्यूल लोड करून तीच टेस्ट त्यावर चालवा. हार्डवेअर नसलेले हे डिव्हाइस फक्त ब्लॉक लेयरचा (ॲप्लिकेशन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या कर्नलच्या थराचा) खर्च दाखवते. दुसरी युक्ती त्याहून उपयोगी: आपल्या ड्रायव्हरमध्ये एक मॉड्यूल पॅरामीटर ठेवा, तो चालू केला की क्यू_आरक्यू फंक्शन (ब्लॉक लेयर ज्याच्याकडे रिक्वेस्ट सोपवतो ते) कार्डाला हात न लावता रिक्वेस्ट लगेच पूर्ण करेल. डेटा अर्थातच खोटा, म्हणून हा पर्याय फक्त चाचणीच्या बिल्डमध्ये. पण सीपीयूच्या बाजूचा खर्च आणि कार्डाचा खर्च यांची वाटणी पाच मिनिटांत होते.

वेळेचे तुकडे करा

साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चार तासांनी मोकळी झाली, तर काटा संथ होता की गाडी गेटबाहेरच उभी होती, हे वेगवेगळे मोजावे लागते. बीएलकेट्रेस हा ब्लॉक लेयरचा ट्रेसर हेच करतो. रिक्वेस्टच्या प्रवासावर तो अक्षरे लावतो: क्यू म्हणजे ब्लॉक लेयरमध्ये आली, जी म्हणजे रिक्वेस्ट मिळाली, आय म्हणजे रांगेत लागली, डी म्हणजे ड्रायव्हरकडे गेली, सी म्हणजे पूर्ण झाली. तीसेक सेकंदांचा ट्रेस घ्या आणि त्याच्या सोबतच्या बीटीटी प्रोग्रामकडून सारांश काढा.

डी ते सी मोठा असेल तर वेळ ड्रायव्हरमध्ये किंवा कार्डात जातो. आय ते डी मोठा असेल तर रिक्वेस्ट शेड्युलरमध्ये थांबून आहे किंवा ड्रायव्हर ती घेत नाही. क्यू ते जी मोठा असेल तर टॅग (प्रत्येक चालू रिक्वेस्टला मिळणारे मोजके क्रमांक) संपले आहेत. ट्रेसमध्ये एक्स हे अक्षर वारंवार दिसले, तर बायो (वरून आलेल्या मूळ मागण्या) तोडले जात आहेत, ते पुढे पाहू.

एक बारकावा. डीचा शिक्का बीएलके_एमक्यू_स्टार्ट_रिक्वेस्ट बोलावल्यावर पडतो. तुमचा ड्रायव्हर त्यानंतर रिक्वेस्ट स्वतःच्या यादीत टाकून वर्कक्यूवर (नंतर काम करणाऱ्या थ्रेडवर) सोडत असेल, तर ती वाट पाहणेही कार्डाच्या खात्यावर जाते आणि एफपीजीए लिहिणाऱ्याला विनाकारण बोल लागतो. म्हणून रिक्वेस्टच्या खासगी भागात दोन वेळा नोंदवा: डोअरबेल (नवे काम आल्याचे कार्डाला कळवणारे रजिस्टर) लिहिल्याची आणि इंटरप्ट (काम झाल्याचा कार्डाचा इशारा) हँडलरमध्ये पूर्तता दिसल्याची. दोन्हींचा फरक तो खरा कार्डाचा वेळ.

यादीच ठेवायची गरज का पडली, हेही विचारा. क्यू_आरक्यूमध्ये झोपता येत नाही म्हणून अनेकजण वर्कक्यू घालतात. नव्या ड्रायव्हरमध्ये ते टाळता येते. डिस्क्रिप्टर (कार्डाला कामाचा तपशील देणाऱ्या नोंदी) आधीच वाटून ठेवा, मेमरी टॅग सेटच्या सीएमडी_साइझमधून घ्या, मग झोपण्याचे कारणच उरत नाही.

आयओस्टॅट कमांडमधल्या युटिलायझेशनच्या टक्क्यावर विसंबू नका. समांतर काम करणाऱ्या डिव्हाइसला १०० टक्के म्हणजे फक्त 'सतत काहीतरी चालू होते' इतकेच. त्याऐवजी राइटचा सरासरी आकार आणि सरासरी रांग हे दोन रकाने पाहा. ॲप्लिकेशन १ एमबी लिहिते आणि आयओस्टॅट १२० केबीच्या आसपासचा आकार दाखवतो, हे दिसले की निम्मे निदान झाले.

मर्यादा: सगळ्यात जास्त वेग इथे सापडतो

ड्रायव्हरने काहीच सांगितले नाही, तर कर्नल सावध आकडे धरतो. एका रिक्वेस्टची कमाल २५५ सेक्टर, म्हणजे १२७.५ केबी. त्यामुळे १ एमबीच्या राइटचे ९ तुकडे होतात, म्हणजे ९ डिस्क्रिप्टर, ९ डोअरबेल, ९ इंटरप्ट. सिसएफएसमध्ये (/sys) डिव्हाइसच्या क्यू फोल्डरमधली मॅक्स_एचडब्ल्यू_सेक्टर्स_केबी ही फाइल वाचा. तिथे १२७ दिसले, तर मर्यादा द्यायची राहिली आहे.

कार्ड १ एमबी एका दमात घेत असेल तर २०४८ सेक्टर सांगा. तेवढ्याने भागत नाही. सेगमेंटची (मेमरीतल्या सलग तुकड्यांची) आपोआप धरलेली मर्यादा १२८ असते. ॲप्लिकेशनच्या बफरची पाने मेमरीत विखुरलेली असली, तर १२८ गुणिले ४ केबी म्हणजे ५१२ केबीलाच रिक्वेस्ट तुटते. पूर्ण १ एमबी हवा तर २५६ सेगमेंट लागतात, आणि कार्डाच्या स्कॅटर-गॅदर टेबलात (विखुरलेल्या तुकड्यांचे पत्ते ठेवणाऱ्या) तेवढ्या जागा असल्या पाहिजेत. नसताना खोटा आकडा देऊ नका, डेटा बिघडेल. आधी एफपीजीएचे टेबल वाढवा.

कार्डाला स्कॅटर-गॅदर येतच नसेल आणि सेगमेंट १ ठेवला असेल, तर विखुरलेल्या बफरचे १ एमबीमागे २५६ तुकडे होतात. अशा वेळी डीएमएसाठी (सीपीयूला मध्ये न घेता कार्डाने मेमरी वाचण्या-लिहिण्यासाठी) एक सलग बफर घेऊन त्यात कॉपी करणे बरेच स्वस्त पडते. मात्र झिंक (Zynq) चिपसारख्या, कॅश कोहेरंट नसलेल्या (सीपीयूची कॅश आणि कार्ड यांचा मेळ आपोआप न राहणाऱ्या) एआरएम बोर्डवर कोहेरंट वाटपाची मेमरी अनकॅश्ड येऊ शकते. तिच्यातून वाचणारी कॉपी फार संथ असते. तिथे स्ट्रीमिंग मॅपिंग वापरून सिंक करा.

फिजिकल ब्लॉक आकार ही दुसरी विसरली जाणारी गोष्ट. कार्ड आतून ४ केबीने लिहिते आणि ड्रायव्हर ५१२ बाइटच सांगतो, तर वरचे थर (फाइल सिस्टम वगैरे) ५१२ च्या सीमेवर लिहितात आणि कार्डाला आधी वाचून मग लिहावे लागते. फिजिकल ४०९६ सांगा आणि पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतो हे पाहा. जुन्या पद्धतीने ६३ व्या सेक्टरपासून केलेले पार्टिशन ४ केबीच्या सीमेवर बसत नाही.

६.९ आणि पुढच्या कर्नलमध्ये या मर्यादा क्यू_लिमिट्स या एकाच स्ट्रक्चरमधून, डिस्क तयार करतानाच द्यायच्या असतात. जुन्या कर्नलसाठी लिहिलेली वेगवेगळी फंक्शने नव्यावर आणताना एखादी मर्यादा हमखास गळते, म्हणून पोर्ट केल्यावर क्यू फोल्डर पुन्हा वाचा.

आलेखातले उंचवटे ओळखायला शिका

बायोलेटन्सी हे साधन -Q पर्यायासह (रांगेतली वाटही धरून) चालवून लेटन्सीचा हिस्टोग्राम काढा. काही उंचवटे आपली ओळख स्वतःच सांगतात.

३ मिलिसेकंदांच्या आसपास दुसरा उंचवटा दिसला, तर क्यू डेप्थ आणि कार्डाची रिंग (रिक्वेस्टची गोलाकार रांग) जुळत नाहीत असे बहुधा समजावे. रिंगमध्ये ६४ जागा, पण टॅग सेटमध्ये १२८ लिहिले. रिंग भरली की ड्रायव्हर बीएलके_एसटीएस_रिसोर्स परत करतो, आणि ब्लॉक लेयर काही परिस्थितींत ३ मिलिसेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो. कार्ड तोवर रिकामे बसते. उपाय म्हणजे डेप्थ रिंगपेक्षा एकने कमी ठेवा, ६३. एकने कमी अशासाठी की हेड आणि टेल समान म्हणजे रिंग रिकामी, असा अर्थ बहुतेक डिझाइनमध्ये असतो. मग रिंग भरण्याचा प्रसंगच येत नाही. कार्डाचीच एखादी रिक्वेस्ट पूर्ण झाल्यावर जागा नक्की मोकळी होणार असेल, तर डीईव्ही_रिसोर्स परत करा.

नेमका ३० सेकंदांचा खड्डा म्हणजे हरवलेला इंटरप्ट. ३० सेकंद हा रिक्वेस्टचा नेहमीचा टाइमआउट आहे. हँडलर रिंग रिकामी करतो, मग इंटरप्ट परत चालू करतो, आणि या दोहोंच्या मध्ये आलेली पूर्तता तशीच पडून राहते. इंटरप्ट चालू केल्यावर रिंग पुन्हा एकदा तपासा. एआरएमवर हे अधूनमधूनच होत असेल, तर पूर्ततेचा व्हॅलिड बिट वाचल्यानंतर आणि बाकीची नोंद वाचण्याआधी डीएमए_आरएमबी (वाचण्याचा क्रम राखणारी सूचना) आहे ना ते पाहा.

डेप्थ १ ला लेटन्सी एकाच गोल आकड्यावर, समजा १०० मायक्रोसेकंदांवर, घट्ट चिकटली असेल तर एफपीजीएतले इंटरप्ट एकत्र करण्याचे टायमर वाट पाहते आहे. १०० मायक्रोसेकंद म्हणजे डेप्थ १ ला १०,००० हून जास्त रिक्वेस्ट शक्यच नाहीत. टायमर कमी करा, किंवा रांगेत दुसरे काही नसताना लगेच इंटरप्ट द्या.

सीपीयू जास्त जळत असेल तर

पर्फ टॉप (सीपीयूचा वेळ कुठल्या फंक्शनमध्ये जातो ते दाखवणारी कमांड) लावा आणि वरची नावे वाचा. स्पिनलॉकचा स्लोपाथ वर असेल तर सगळे कोअर एकाच लॉकवर आदळत आहेत. मेमसीपीवाय_टू_आयओ असेल तर डेटा डीएमएने न जाता सीपीयू उचलून टाकतो आहे. स्विओटीएलबीचे नाव दिसले तर बहुधा डीएमए मास्क (कार्ड किती बिटांचे पत्ते वापरू शकते ते सांगणारा) ३२ बिटवरच राहिला आहे. ४ जीबीच्या वरच्या मेमरीतला प्रत्येक बफर मग मधल्या जागेत कॉपी होतो, आणि ती जागा साधारण ६४ एमबीचीच असते. कार्ड ६४ बिट पत्ते देत असेल तर प्रोब फंक्शनमध्ये (कार्ड सापडल्यावर चालणाऱ्या) तसा मास्क लावा. कितीही शोधाशोध केली तरी याइतका फायदा एका ओळीत क्वचितच मिळतो.

आरईएडीएल, म्हणजे कार्डाचे रजिस्टर वाचणे, दिसायला एक ओळ पण पीसीआयवरून जाऊन येईपर्यंत कोअर अडून राहतो. ढोबळमानाने १ मायक्रोसेकंद धरा. लिहिणे मात्र पाठवून मोकळे होता येते. म्हणून पूर्ततेची नोंद कार्डाने होस्टच्या मेमरीत लिहावी आणि हॉट पाथवर रजिस्टर वाचू नये. डोअरबेलही प्रत्येक रिक्वेस्टला वाजवू नका. क्यू_आरक्यूला मिळणारा लास्ट हा फ्लॅग खरा असेल तेव्हाच वाजवा आणि कमिट_आरक्यूज फंक्शन जरूर लिहा. ते नसेल तर तुकडी मध्येच थांबल्यावर उरलेल्या रिक्वेस्ट कार्डाला कळणारच नाहीत.

प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स फाइल दर सेकंदाला पाहा. सगळे आकडे एकाच सीपीयूच्या रकान्यात वाढत असतील, तर एमएसआय-एक्सच्या अनेक व्हेक्टरची (वेगवेगळ्या इंटरप्टची) ॲफिनिटीसह, म्हणजे वेगवेगळ्या कोअरवर वाटून, मागणी करा आणि हार्डवेअर क्यू तितक्याच ठेवा. कार्डात रिंगच एक असेल तर ड्रायव्हरमध्ये चार क्यू दाखवून काही साधत नाही, उलट त्या एका रिंगच्या लॉकवर गर्दी होते.

फ्लशशी खेळू नका

एफसिंक (डेटा कायमचा साठला याची खात्री मागणारा कॉल) संथ आहे म्हणून क्यू फोल्डरमधल्या राइट कॅश फाइलमध्ये राइट थ्रू लिहिले की आकडे झेप घेतात. कर्नल फ्लश (बफरमधला डेटा कायमचा उतरवण्याची सूचना) पाठवायचे थांबवतो, पण कार्डातला डेटा तितकाच कच्चा राहतो. वळवाच्या पावसात लाइन गेली की दिवसभराची नोंद आणि फाइल सिस्टम दोन्ही जाऊ शकतात. कार्डावर कपॅसिटर असून वीज गेल्यावर बफर फ्लॅशमध्ये उतरतो हे प्लग ओढून, पुन्हा पुन्हा, लिहिलेला डेटा पडताळून सिद्ध केले असेल, तरच तसे जाहीर करा.

प्रामाणिक सुधारणेला मात्र जागा असते. फ्लश आला की नव्या राइट थांबवून रांग रिकामी करणारे ड्रायव्हर बरेच दिसतात. त्याची गरज नाही. फ्लशची हमी त्याच्या आधी पूर्ण झालेल्या राइटपुरती असते, चालू असलेल्या बाकीच्या पुढे जाऊ शकतात. ॲप्लिकेशनच्या बाजूला प्रत्येक फ्रेमला एफसिंक नको, फाइलची जागा आधीच राखून ठेवा आणि ठरावीक अंतराने सिंक करा.

शेवटची चाचणी शेडमध्येच

नवे नॅन्ड फ्लॅशचे कार्ड पहिल्या फेरीत वेगवान असते. सगळे ब्लॉक एकदा भरले की आतली गार्बेज कलेक्शन (जुनी जागा मोकळी करणे) सुरू होते आणि कमाल लेटन्सी तिथे दिसते. म्हणून पूर्ण कार्ड दोनदा लिहून मगच आकडे घ्या, आणि डिस्कार्ड (कुठली जागा आता लागत नाही ते सांगणारी सूचना) ड्रायव्हरमधून खाली पोहोचतो का ते तपासा.

बेदाण्याचा हंगाम उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे. एसी लॅबमध्ये पास झालेले कार्ड तिथे तापून स्वतःचा वेग कमी करू शकते. पीसीचे कव्हर बंद ठेवून, दुपारच्या वेळी, १२३ एमबीचा ठरावीक दर लावून किमान चार तास फिओ चालवा आणि कार्डाचे तापमान व कमाल लेटन्सी एकाच फाइलमध्ये दर सेकंदाला नोंदवा. प्रत्येक फेरीसोबत कर्नलची आवृत्ती, ड्रायव्हरचा कमिट, एफपीजीए बिटस्ट्रीमची आवृत्ती, लिंकची पिढी आणि लेन, आणि क्यू फोल्डरमधली सगळी मूल्ये जतन करा. दोन फेऱ्यांत एकच गोष्ट बदला.